खुले पत्र: फायबरचा पुतळा नको, सांगाड्याची ओतीव प्रतिकृती हवी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

धुळे किंवा जळगावात डायनासोर उभा करायचा झाला, तर रंगवलेल्या एकसंध पुतळ्याची निविदा काढू नका. खऱ्या हाडांवरून ओतलेली प्रतिकृती मागवा, तीही आपल्याच बारापासॉरसची, म्हणजे महाराष्ट्रात सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोरची. त्याची हाडे गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ निघाली, सांगाडा मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. तो पाहायला खानदेशातल्या पोरांनी भुसावळहून हावड्याची गाडी धरायची का?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या डिप्लोडोकसचा, म्हणजे अशाच एका लांब मानेच्या डायनासोरचा, इतिहास पाहा. अमेरिकेत वायोमिंगला १८९९ मध्ये सापडलेल्या हाडांवरून, पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्या खर्चाने प्लास्टरची २९२ हाडे ओतली गेली. ती ३६ पेट्यांतून लंडनला पोचली आणि १२ मे १९०५ रोजी सांगाड्याचे अनावरण झाले. सगळे सुटे होते, म्हणून दुसऱ्या महायुद्धात ते तळघरात हलवता आले. हे प्राणी शेपूट फरफटत चालत नसत, हे पटल्यावर १९९३ मध्ये ती उचलून बसवता आली. पुतळ्याला करवतच लावावी लागली असती.

आता कामाचे. मूळ हाड आधी पक्के करून घ्यावे लागते, नाहीतर साच्याबरोबर त्याचे कपचे निघतात. त्यावर साच्यासाठी सिलिकॉन रबराचे थर. पहिला थर पातळच, जाड दिला की बुडबुडे अडकतात आणि बारकावे जातात. वरून फायबरग्लासचे कवच, मणक्यांच्या खाचाखोचांसाठी तीन-चार तुकड्यांत. साच्यात रेझिन (घट्ट होणारी राळ) आणि काचधाग्यांची मॅट लावून पोकळ हाड काढायचे. इथेच खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. पारा ४५ वर असताना नेहमीच्या मापाने हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) घातला, तर रेझिन बादलीतच घट्ट होते. एकदम जाड थर दिला तर तो तापून तडकतो किंवा वाकतो. ओतकाम हिवाळ्यात ठेवा, ही अट निविदेतच हवी.

हाडांना आधार देणाऱ्या लोखंडी चौकटीचे वेल्डिंग हाडे चढवण्याआधी संपवा, जोड नटबोल्टचे ठेवा, हाडांवर क्रमांक टाका. मुख्य भार कमरेच्या खांबांवर येतो. फरशीवर नव्हे, काँक्रीटच्या पायावर. आणि कृपा करून बागेत नको. उन्हाने वरचा थर भुकटी होऊन आतले धागे उघडे पडतात.

बारापासॉरसची पूर्ण कवटी सापडलेली नाही. प्रतिकृतीचे डोके अंदाजाने घडवावे लागेल, तसे फलकावर ठळक लिहा. साचे काढू देण्याची विनंती मात्र आपल्या खात्याच्या पत्रानेच कोलकात्याला जायला हवी. ठेकेदाराच्या पत्रावर मूळ हाडांना कोण हात लावू देईल?

आपले,
साचेकाम व संग्रहालय-मांडणी करणारे कारागीर, खानदेश