‘मेंदूज्वर, कारण अज्ञात’ एवढ्यावर फाईल बंद करू नका

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे तापाचे दिवस येतात. गेल्या वर्षी सात वर्षांच्या एका मुलाला ताप चढला, तिसऱ्या दिवशी झटके आले. इथून रेफर, तिथून रेफर, शेवटी नागपूर. पाठीतलं पाणी काढलं. मलेरिया, जपानी मेंदूज्वर, सगळं निगेटिव्ह. लेकरू गेलं. त्याची आई अजून विचारते, “मॅडम, माह्या पोराले का झालं होतं जी?”

नेहमीच्या तपासणीत ज्याचा संशय असतो तोच जंतू शोधतात. मी मागते आहे त्या जनुकीय सिक्वेन्सिंगच्या तपासणीत पाठीतल्या पाण्यातले डीएनए-आरएनएचे सगळे तुकडे वाचतात, माणसाचे वगळतात आणि उरलेले माहीत असलेल्या जंतूंशी ताडून पाहतात. अमेरिकेत १४ वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूची बायोप्सी करूनही निदान होत नव्हतं. या पद्धतीने ४८ तासांत लेप्टोस्पायरा हा जिवाणू सापडला आणि पेनिसिलिनने तो बरा झाला. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. ही तपासणी सगळंच पकडत नाही; सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाने ४,८२८ नमुने तपासले, त्यात तिची संवेदनशीलता ६३ टक्के निघाली, म्हणजे खरोखर संसर्ग असलेल्या शंभरांतले सुमारे ६३ तिने पकडले. म्हणून मी ती जुन्या तपासण्यांच्या जोडीला मागते आहे, त्यांच्या जागी नाही.

साहेब, लेकरांना मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूचं नाव नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून पडलं. १९६५ साली तो तिथेच सापडला. स्क्रब टायफस हा बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा तापही आमच्या गवतातलाच. तो वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. (संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करावं, हेही या तपासणीच्या आदेशात लिहा.)

कोरोनात नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेमध्ये विषाणूंचं सिक्वेन्सिंग झालंच होतं. मग पहिल्या तपासण्या निगेटिव्ह आलेल्या लेकरांचं पाठीतलं पाणी नागपुरातच का वाचू नये? आरएनए उष्णतेने लवकर खराब होतो आणि आमच्या भागात वीज तासन्‌तास जाते. त्यामुळे नुसतं यंत्र घेऊन भागणार नाही. नमुना काढल्या क्षणापासून बर्फात राहील आणि त्याच दिवशी गाडीने निघेल, ही सोय आधी करा.

आणि रिपोर्टची एक प्रत उपकेंद्रातही पाठवा. त्या आईला नागपूरला जाऊन विचारणं जमत नाही. ती माझ्याच दारात येते.

आपली नम्र,
एक समुदाय आरोग्य अधिकारी, जि. गोंदिया