लढाई दाखवा, पण जागाही सांगा

संपादक महोदय,

लढायांचे देखावे म्हणजे नुसता धूर आणि आवाज, मुलांना त्यातून काही मिळत नाही, असं म्हणणारा लेख परवाच्या अंकात वाचला आणि अजिबात पटला नाही. आम्ही सासूबाईंपासून धाकट्या मुलीपर्यंत घरातले सगळे १६८३च्या फोंड्याच्या लढाईचा असाच देखावा बघून आलो. तटाला खिंडार पडलं तेव्हा मुलगी माझा हात धरून उभी होती आणि घरी येईपर्यंत प्रश्न विचारत होती, आता हे पुस्तकातल्या दोन ओळींनी झालं असतं का?

कमी आहे ती माहितीची. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद दी आल्वोरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, मराठा सरदार येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी आतून लढले, मग स्वतः संभाजीराजे मदतीला आले आणि पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली, हे सगळं आपल्या फोंड्यातच घडलं, पण माइकवर एवढ्या घोषणा झाल्या तरी हे कोणीच नीट सांगितलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्लाही घेतला, आणि पोर्तुगीजांची तेव्हाची राजधानी जुने गोवे तिथून किती जवळ! घाबरलेल्या व्हाइसरॉयने आपला राजदंड तिथल्या सेंट झेवियरच्या शवाजवळ नेऊन ठेवला होता, एवढी ती धास्ती.

म्हणून देखावे बंद करा म्हणण्यापेक्षा आयोजकांनी जाणकार निवेदक ठेवावा, आणि शाळांनी दुसऱ्या दिवशी मुलांना फोंड्याचा मर्दनगड आणि जुव्याचा किल्ला दाखवायला न्यावं.

— एक पालक, फोंडा