रेकॉर्डरूममधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

"गांधीबाबा गेले आणि दोन महिन्यांच्या आत आमचं संस्थान गेलं." माझ्या आईला ठाऊक असलेली तारीख एवढीच. ती घेऊन, औंध संस्थानच्या दप्तरात आजोबांच्या नावाचा कागद शोधत, आम्ही मायलेकी तीन वर्षं हिंडलो. तुम्ही ती ऐकून घेतलीत आणि म्हणालात, "म्हणजे 8 मार्च 1948. आजी अगदी बरोबर सांगताहेत." आई तेव्हाच खुर्चीत नीट टेकून बसली. त्याआधी प्रत्येक कचेरीत ती खुर्चीच्या कडेला बसायची, कधीही उठवतील अशी.

तिचं म्हणणं साधं होतं. "माझा बाप औंध संस्थानात गावचा पंच होता." 1939 साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कारभार रयतेच्या हाती दिला. त्या घटनेच्या घडणीत गांधीजींनी स्वतः लक्ष घातलं, राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन त्यासाठी झटले. गावानं पंच निवडायचे आणि पंचांनी शाळेपासून तंट्यांपर्यंत सगळं बघायचं, तेही देशावर इंग्रजांचं राज्य असताना. पण आमच्या वस्तीतला माणूस त्या पंचांत होता म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू यायचं. ते हसू आईनं आयुष्यभर पाहिलं.

एका कचेरीत विचारलं, "जमिनीचं काम आहे का?" नाही. "जातीच्या दाखल्याचं?" तेही नाही. "मग कागद कशाला पाहिजे?" दुसरीकडे सांगितलं, संस्थानचं ते संस्थानाबरोबर गेलं. कुठे गेलं? विलीनीकरण म्हणजे काही जाळपोळ नव्हे. मुलूख वाटला गेला, औंध साताऱ्यात राहिलं, आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात गेली, त्याचा 1960 मध्ये सांगली जिल्हा झाला. कागदही तसेच पांगले. हे सांगायला कुणाला दोन मिनिटं लागली असती. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला जिने चढायला लावून ती दोन मिनिटं न देणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, कसे शोधलेत, किती सोडलेत, ते मी लिहीत बसत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही एक कागद खिडकीपाशी आणलात. मोडीतली पाच नावं, त्यातल्या चौथ्यापुढे सही नव्हती, डाव्या हाताचा अंगठा होता.

तुम्ही नावं वाचू लागलात. पहिली तिन्ही आदरार्थी होती. चौथ्याला थांबलात. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. तसं नव्हतं. आजोबांचं नाव कारकुनानं एकेरी लिहिलं होतं, शेवटी ‘या’ लावून, कुत्र्याला हाक मारावी तसं. आमच्या माणसांची नावं लिहायची रीतच ती होती. तुम्ही ते तसं उच्चारलं नाहीत. नावाला ‘बा’ लावून, आईकडे बघत, सावकाश वाचलंत.

मग आईला चष्म्यातून दिसावं म्हणून मोठ्या बालबोध अक्षरांत चिठ्ठी लिहून दिलीत. वरच्या ओळीत कागदात होतं तसंच, काना-मात्रेचाही फरक न करता. "दप्तरात आहे ते बदलायचा हक्क मला नाही," असं म्हणालात. आणि खाली दुसऱ्या ओळीत पूर्ण मानानं आजोबांचं नाव, पुढे ‘पंच’.

काका, हे तुम्हाला कुठल्या नियमात सांगितलेलं नव्हतं. नियमानं नुसती नक्कल मिळते. तुम्ही खरं लपवलं नाहीत आणि माणसाचा मानही राखलात. दोन्ही एकदम करणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. ज्यांच्या हाती दप्तर असतं त्यांच्या हाती कुणाकुणाचे आईबाप असतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते ज्यांना माहीत असतं ते आवाज चढवत नाहीत, हे मी तुमच्या खोलीत बसून शिकले.

आजोबांचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. घरात बाकी सगळ्यांचे आहेत, त्यांची जागा रिकामी होती. आईनं तुमची चिठ्ठी फ्रेम करून तिथं लावली आहे. रोज हार घालायच्या आधी ती खालची ओळ मोठ्यानं वाचते.

आपली ऋणी,
त्या आजींची लेक