विमानाचा तंत्रज्ञ खंदकात कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्ध लांबले आणि पायदळात माणसे कमी पडू लागली की हवाई दलातील माणसांच्या हाती रायफल देऊन त्यांना आघाडीवर धाडण्याची कल्पना हमखास डोके वर काढते. जानेवारी २०२५ मध्ये युक्रेनच्या एका विमान ब्रिगेडमधील जवानांनी तंत्रज्ञांना पायदळात पाठवले जात असल्याची तक्रार जाहीरपणे केली, तेव्हा विमानांची देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित माणसांना हलवले जाणार नाही, असा खुलासा तेथील लष्करी नेतृत्वाला करावा लागला. हवाई दलाच्या जवानांना घडवणारे बेळगावजवळच्या सांबऱ्याचे एअरमन प्रशिक्षण केंद्र फार दूर नसल्याने आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये.

या प्रयोगाचा सर्वांत मोठा दाखला दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचा आहे. १९४२ मध्ये रशियातील हानी भरून काढण्यासाठी हवाई दलातील जादा माणसे लष्कराला द्यावीत, अशी मागणी झाली; पण आपली माणसे लष्कराच्या हाताखाली जाऊ नयेत या हट्टापायी हवाई दलप्रमुख गोअरिंगने हवाई दलाच्याच अखत्यारीत सुमारे वीस मैदानी डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) उभ्या केल्या. माणसे धडधाकट होती, परंतु त्यांच्या अधिकाऱ्यांना जमिनीवरील लढाईचा अनुभव नव्हता आणि प्रशिक्षण जेमतेम झाले होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये रशियातील नेवेलजवळ त्यांतील एक डिव्हिजन रशियन हल्ल्यापुढे कोसळली आणि पुढच्याच महिन्यात या डिव्हिजन लष्कराकडे सोपवाव्या लागल्या. दोष शौर्याचा नव्हता, आणि एका माणसाच्या अहंकाराची किंमत हजारोंनी मोजली, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

१९४२ मध्ये फिलिपिन्समधील बटानमध्ये विमानेच उरली नसल्याने अमेरिकी वैमानिक दलाचे लोक पायदळ म्हणून लढले. तशी वेळ आली तर इलाज नसतो. मात्र विमाने शाबूत असताना तंत्रज्ञ काढून घेणे म्हणजे शिरोलीच्या कारखान्यातील कसबी सीएनसी ऑपरेटरला वाळू उपसायला लावण्यासारखे आहे. खंदकात एक माणूस वाढतो, पण तिकडे विमान जमिनीवरच अडकून पडते.

ब्रिटिशांनी मे १९४१ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावरील मालेमे धावपट्टी गमावल्यावर हवाई तळांच्या रक्षणासाठी फेब्रुवारी १९४२ मध्ये स्वतंत्र रेजिमेंटच उभारली. आपल्या हवाई दलाकडेही २००४ पासून गरुड कमांडो आहेत, पण तळसंरक्षणाबरोबरच विशेष मोहिमांचे कामही त्यांच्याकडे असल्याने सगळ्या तळांचा भार त्यांच्यावर टाकता येणार नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरवायू सेवेत कायम होतात; उरलेल्यांपैकी इच्छुकांची राखीव यादी ठेवून त्यांना दरवर्षी काही आठवडे तळसंरक्षणाचा सराव द्यावा, जेणेकरून आणीबाणीत कार्यरत तंत्रज्ञांना हात लावण्याची वेळ येणार नाही. संरक्षण मंत्रालयाकडे हा विषय आपल्या लोकप्रतिनिधींनी मांडावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर