राखीव आसनावरचे आबा
पक्षांतराच्या बातम्या वाचताना सांगोल्याचे गणपतराव देशमुख हटकून आठवतात. १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेलेले आबा ११ वेळा आमदार झाले, तेही एकाच मतदारसंघातून आणि कायम शेतकरी कामगार पक्षाकडूनच (शेकाप). १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पडले, तरी पक्षाचा लाल बावटा सोडला नाही. मंत्रिपद दोनदा मिळाले, पण बहुतेक काळ विरोधी बाकांवरच गेला. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते. त्यावर खरोखर बसणारा आमदार लोकांनी त्यांच्या रूपाने पाहिला. (आता तिथे बहुधा पिशव्याच असतात!) दुष्काळ आणि शेतीच्या पाण्यावरची त्यांची सभागृहातील भाषणे विधिमंडळाने निवडून गावोगावच्या वाचनालयांत पोहोचवावीत.
– एक वाचक, पंढरपूर