दशांश इनहँडवर की सीटीसीवर

बाळ्या, सलाम. जेवलास काय?

परवा फोनवर तू विचारलंस, पप्पा दशांश, म्हणजे पगारातला दहावा भाग चर्चला द्यायचा तो, इनहँडवर काढायचा की पीएफ कापायच्या आधीच्या पगारावर, आणि मी हसलो, राग आला असेल तुला. पण पहिल्या पगाराला मीपण पाळकसाहेबांना हेच विचारलेलं, ते म्हणाले आधी देऊन तर बघ.

2019 चा महापूर आठवतोय का, तू दहावीला होतास. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं, धोका 43 लाच असतो, शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही पेट्रोल नाही. मंडळीत, आपल्या चर्चमध्ये, पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करत होते म्हणून मी गाठोडं बांधलं, कॉलर विरलेले दोन शर्ट, बटणं तुटलेला एक, तुझी आखूड झालेली पँट. आजीनं गाठ सोडली, शर्ट उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "हे फरशी पुसायला ठेव." मग ट्रंकेतनं सोलापुरी चादर काढली, कोरी, लेबलसुद्धा निघालं नव्हतं, थंडीसाठी स्वतःला ठेवलेली. म्हटलं आई, तुला काय राहिलं? तर म्हणे वाकळ हाय की. त्या थंडीत वाकळच पांघरली तिनं आणि गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरलीपण, संतबिंत नव्हती आपली आजी.

बायबलात मार्कच्या 12 व्या अध्यायातली गरीब विधवा बघ, मंदिराच्या दानपेटीत टाकायला आलेली. टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, दोनच होत्या तिच्याकडं. एक टाकून एक ठेवली असती तरी कोण बोललं असतं तिला, पन्नास टक्के झाले असते की! तिनं दोन्ही टाकल्या. दहा टक्के हिशोबाला बरे, पण त्यानं आपलं काही अडलं नाही तर मला तरी ते बिल भरल्यासारखं वाटतं.

तुझ्या त्या मिझो रूममेटला विचार, त्यांच्याकडं 1910 पासनं बायका प्रत्येक जेवणाला भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. आधी हं, जेवून उरला तर नव्हे.

आकडा मला सांगू नको. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हटलंय, मग बापाला तरी कशाला.

आजीची वाकळ मम्मीनं काल धुवून गच्चीवर टाकलीय. पुण्यात थंडी लई पडते म्हणे, पाठवू काय?

तुझा पप्पा