पेनड्राइव्ह पाठवतेय, तुम्ही दोघांनी ऐकायचंय

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तोंडाशी येऊन परत गेलं ते आधी सांगते. म्युनिकचं काम आणखी दोन वर्षं वाढलंय आणि मी सही केलीये. बाबा, पैशासाठी राहिली असं मनात आणू नका, इराची चौथी आहे, आत्ता मधेच शाळा सोडवली तर तिचे हाल होतील, शिवाय घराचे हप्ते, आणि मला हे काम मनापासून आवडतंय हेही आहेच. गणपतीला येतेय, तिकिटं काढून झालीत. आई, तू "बरं झालं गं" म्हणशील आणि ओट्याशी जाऊन गप्प उभी राहशील, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

मावशीच्या नीलेशबरोबर छोटा स्पीकर आणि पेनड्राइव्ह पाठवतेय. नेट नको, लॉगिन नको. बटणं मोठी आहेत, चष्मा न लावता दिसतात.

आई, तुझा फोल्डर किशोरीताईंच्या 'अवघा रंग एक झाला'ने सुरू होतो. सोयराबाईंचा अभंग आणि भैरवी, देवपूजा आटोपली की लाव. मग सुलोचना चव्हाणांच्या लावण्या आहेत, आजी माजघरात असली की तू रेडिओचा आवाज बारीक करायचीस ना, तो आता अजिबात बारीक करायचा नाही. दुपारी पडशील तेव्हा आफ्रिकेतल्या माली देशाच्या तुमानी दियाबातेचा कोरा ऐक, 21 तारांचं वाद्य आहे, शब्द नाहीत त्यामुळे काही समजून घ्यायचा त्रास नाही.

बाबा, कुमारांचं 'उड जाएगा हंस अकेला' फक्त तुमच्या फोल्डरमध्ये ठेवलंय. अँजिओप्लास्टीपासून ते लागलं की आई उठून बंद करते, तेव्हा ती भाजीला गेली की ऐका. 'कट्यार'मधलं 'घेई छंद मकरंद' दोन्ही चालींत आहे, संथ आणि वसंतरावांचं द्रुत. मिरजेला आत्याशी झालेला वाद आता मिटवून टाका, दोन्ही चाली अभिषेकीबुवांच्याच आहेत.

आणि एक गाणं माझ्यासाठी ऐकाच, क्युबातलं 'चान चान'. मार्च 1996 मध्ये हवानाच्या एका जुन्या स्टुडिओत बुएना व्हिस्टा सोशल क्लबच्या नावाने जी रेकॉर्ड झाली, तिच्यातल्या बऱ्याच गायक-वादकांना लोक विसरूनही गेले होते. हे गाणं ज्यांनी रचलं ते कॉम्पाय सेगुंदो तेव्हा 88 वर्षांचे होते, आणि पियानोवाले रुबेन गोन्सालेस 76 चे, त्यांच्या घरी धड पियानोसुद्धा उरला नव्हता, तरी बोटं काय फिरलीत ते ऐका. हे वाचून तुम्हाला कळलंच असेल मला काय म्हणायचंय. पेटी कपाटावरून खाली काढा. भाता गळत असेल तर दुरुस्तीला द्या, पैसे मी पाठवते, नाही म्हणायचं नाही. 'चान चान'ला चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे सूर, आहेत, तेच फिरून फिरून येतात, तुम्हाला दोन दिवसांत बसेल. मी तुमच्या मांडीला टेकून भाता ओढायचे, दमले की तुम्ही हात बदलायचात आणि गाणं मात्र थांबायचं नाही. ती मांडी मला अजून हवी असते हो बाबा.

रात्री झोप लागत नाही म्हणून मोबाईल बघत बसू नका. जर्मन संगीतकार बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स आहे, ग्लेन गूल्डने 1981 साली पियानोवर वाजवलेलं. सुरुवातीला एक संथ सुरावट, मग तिच्यावर 30 रूपं, मग परत तीच सुरावट. झोप न येणाऱ्या एका सरदारासाठी बाखने हे लिहिलं अशी आख्यायिका आहे. वाजवताना गूल्ड गुणगुणतो तेही ऐकू येतं, तुम्ही हिशेब लिहिताना गुणगुणता तसंच, म्हणून मला तो घरचा वाटतो. आवाज कमी ठेवा, आईची झोप सावध आहे.

बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही. घाटावर फिरायला अंधार पडायच्या आत जायचं, आणि दोघांनी मिळून. आई, गुडघ्याचं तेल संपलं की लगेच सांग, पुरवून पुरवून लावू नकोस. परदेशी गाणी नाही आवडली तर तसं स्पष्ट सांगा, मला वाईट वाटेल म्हणून "छान आहे" म्हणू नका, मी दुसरी भरून आणेन.

नीलेश मंगळवारी संध्याकाळी येईल, त्याला जेवल्याशिवाय सोडू नका, आणि स्पीकर त्याच्याकडूनच चालू करून घ्या.

तुमची,
चिमी